मला ‘च’ ऐकू येत नव्हता

मी कोर्टात लघुलेखक आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, न्यायाधीश साहेब त्याचं म्हणणं नीट वाक्यांत बसवून सांगतात आणि मी शेजारी बसून ते टाइप करते. एकवीस वर्षं हेच काम केलं. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मग एका घरगुती भांडणाचा खटला आला. जमिनीच्या बांधावरून दोन भावांच्या घरांत मारामारी झालेली. मैंदर्गीकडचा एक तरुण शेतकरी साक्ष देत होता. साहेबांचा आवाज मुळातच हळू. डोक्यावर पंखा गरगरत होता. साहेबांनी सांगितलं, “माझ्या डाव्या दंडावर चाकूने वार केला.” मी टाइप केलं, “माझ्या डाव्या दंडावर काकूने वार केला.” मला खटकलंही नाही, कारण त्या भांडणात एक काकू होतीच.

साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात. ती वाचली गेली आणि मागच्या बाकावरून एक बाई ताडकन उठली.

“अवो, मी कुटं मारलं? मी तर सोडवाया गेलते की!”

पिंजऱ्यातला साक्षीदारही ओरडला, “काकूनं न्हाय साहेब, चाकूनं! चाकूनं!”

सगळं कोर्ट हसलं. वकील हसले, पोलीस हसले, दाराशी उभा असलेला शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “मॅडम, लक्ष कुठंय तुमचं?”

लक्ष! माझं सगळं लक्ष त्यांच्या ओठांवर होतं. इतकं, की संध्याकाळी घरी जाईपर्यंत मान आणि कपाळ दुखायचं. गेली तीन वर्षं मी लक्षाच्याच जोरावर नोकरी ओढत होते. हे माझं मलाच धड माहीत नव्हतं, हा भाग वेगळा.

*

मला आवाज ऐकू येत होता, हे आधी सांगायला हवं. लोकांना वाटतं बहिरेपणा म्हणजे शांतता. मला ट्रक ऐकू यायचा, घंटा ऐकू यायची, साहेब बोलायला लागले हेही कळायचं. पण शब्दांच्या कडा झिजून गेल्या होत्या. ‘स’, ‘च’, ‘फ’, ‘थ’, ‘ख’ ही अक्षरं वाटेतच कुठं तरी गळून पडायची. साठचा आठ व्हायचा. माझ्या मुलीचा पुण्याहून फोन आला की तिचा बारीक आवाज म्हणजे नुसतं गुणगुणणं. मी “बरं, बरं” म्हणायचे. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली होती, “अम्मा, मी विचारलं मी तिकडे येऊ का, आणि तू बरं बरं काय करतेस?” तेही तिनं नंतर लिहून पाठवलं तेव्हा कळलं.

घरी आम्ही तेलुगू बोलतो. घरातलं बोलणं रोजचंच असतं. भात वाढू का, गॅस संपला का. निम्मं ऐकलं तरी उरलेलं जुळवता येतं. साक्षीदार काय बोलणार ते जुळवता येत नाही. जुळवायचंही नसतं. म्हणून माझं पितळ कोर्टात उघडं पडलं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे माझे पती श्रीनिवास बरोबर आले. तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेखाचा कागद समोर धरला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालली होती आणि मग विहिरीत पाय घसरावा तशी खाली गेली होती. वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, म्हणाले. ते परत येत नाहीत.

“तुमच्या माहेरी माग होते का?”

होते. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर, खाली चार यंत्रमाग आणि वर आम्ही सात माणसं. खडखडाट सुरू असतानाच मी बोलायला शिकले, अभ्यास केला, आजारी पडले. अम्मा खाली सुताच्या कांड्या भरायची आणि आमच्याशी हातवारे करून बोलायची. चाळिशीत तिला ऐकू येईनासं झालं, मोठ्या काकूला तर त्याआधीच. केस पिकावेत तसं सगळे ते धरून चालले. कुणी साधा कापसाचा बोळा दिला नाही. टॉवेल आणि चादरी देशभर गेल्या, आणि त्या विणणारी माणसं एकमेकांना “आँ?” करत म्हातारी झाली. हे मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं आणि संताप आला.

डॉक्टरांना माझ्या संतापाशी देणंघेणं नव्हतं. तेवढा एक प्रश्न विचारून त्यांनी खुर्ची श्रीनिवासांकडे वळवली होती.

“यांना मशीन लावून घ्या. दोन्ही कानांना. यांना सांगा, लवकर सवय करा म्हणावं.”

मी तिथंच बसले होते. हातभर अंतरावर. श्रीनिवासांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला मोठ्यानं, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं सांगितलं, “मशीन लावायची म्हणतात!”

*

चष्म्याचं मोठं दुकान होतं. आत एका कोपऱ्यात काचेची खोली, बाहेर पाटी, “श्रवणयंत्रे”. खोलीत बसलं तरी रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. दुकानदार अगदी गोड बोलणारा. कागद बघितला, हो हो म्हणाला, दोन यंत्रं काढली, कॉम्प्युटरला जोडली, पाच मिनिटांत कानांत बसवली. मग माझ्या मागे जाऊन त्यानं टाळी वाजवली.

“आलं ऐकू?”

“आलं.”

“झालं मग! अभिनंदन, मॅडम.”

टाळी मला आधीही ऐकू येत होती. पण हे म्हणायचं मला सुचलं नाही. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम मी त्याच्या हवाली केली आणि रस्त्यावर आले. त्याबरोबर सगळं सोलापूर माझ्या अंगावर धावून आलं.

पुढचे सात महिने मी काय ऐकलं ते सांगते. पंखा ऐकला. भांड्यांची आदळआपट ऐकली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, गाडीचं इंजिन, स्वतःचं चावणं, स्वतःची पावलं. माझा आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. बोलणं मात्र होतं तसंच राहिलं, फक्त जास्त मोठं झालं. झिजलेले शब्द मोठे केले तर ते मोठे झिजलेले शब्दच होतात, हे त्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं किंवा शिकून त्याचा उपयोग नव्हता.

मी परत गेले. त्यानं आवाज वाढवला. दुसऱ्यांदा गेले, अजून वाढवला. तिसऱ्यांदा म्हणाला, “सवय होते, मॅडम. मेंदूला वेळ द्या.” चौथ्या वेळी त्यानं मला चहा पाजला. पाचव्या वेळी श्रीनिवासांना बरोबर नेलं आणि म्हटलं, “अहो, मला ‘च’ ऐकू येत नाही. आवाज नको आहे, ‘च’ पाहिजे.”

तो हसला. श्रीनिवासांकडे बघून म्हणाला, “या वयात बायका मशीन मनापासून लावत नाहीत, साहेब. घरी गेल्यावर काढून ठेवतात. रोज घालायला लावा.”

सकाळी आंघोळ झाली की घालत होते आणि झोपताना काढत होते. कान सोलून निघाले होते. आणि माझ्या नवऱ्यानं त्याच्यावर विश्वास ठेवला.

*

श्रीनिवास वाईट नाहीत, हे लिहायलाच हवं. पण त्या सात महिन्यांत आमच्या घरात एक शब्द शिरला: “जाऊ दे”. ते काही तरी सांगायचे, मी “काय?” म्हणायचे, ते पुन्हा सांगायचे, मी पुन्हा “काय?” आणि मग ते हात झटकून, “काही नाही, जाऊ दे.” जेवताना शेजाऱ्यांची गंमत सांगून हसायचे. मी काय झालं विचारलं की, जाऊ दे. माझ्या भावाच्या ऑपरेशनची तारीख ठरली, ती मला चार दिवसांनी कळली. “सांगितलं होतं की तुला. तू ऐकलं नाहीस.”

ज्याला ऐकू येतं त्याला हे कळणार नाही. “जाऊ दे” म्हणजे तू या घरातून थोडी थोडी बाहेर जा, असं म्हणणं आहे.

“एवढं महागाचं घेतलं,” एकदा ते ओरडलेच, “तरी काय, काय, काय! दुकानदार म्हणतो ते खरं. तू घालतच नाहीस.”

“कानात काय आहे मग हे?”

“आता आहे. मी बघतोय म्हणून.”

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

कोर्टात तर त्याहून वाईट झालं. एका बाईची साक्ष चालू होती, अब्रूचा प्रश्न होता, सगळे गप्प. आणि माझ्या उजव्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. मला ती ऐकू येत नव्हती! साहेबांनी विचारलं, “कुणाचा मोबाइल आहे?” सगळे खिसे चाचपायला लागले. ती बिचारी बाई भेदरून थांबली. शेवटी शिपायानं माझ्या कानाकडे बोट दाखवलं.

आठवड्याभरात माझी नक्कल विभागात बदली झाली. आदेशांच्या प्रती काढायच्या, शिक्के मारायचे. माझ्या गोपनीय अहवालात वाईट शेरा मारला नाही, हे साहेबांचे उपकार समजायचे, असं मला सांगण्यात आलं. एकवीस वर्षांच्या कामाचं हे झालं, आणि या सगळ्यात मला काय त्रास आहे असा सरळ प्रश्न एकाही माणसानं विचारला नाही.

*

नक्कल विभागानं एक चांगलं केलं. दुपारी वेळ मिळायला लागला. कागद वाचायची मला सवय. एक दिवस यंत्राच्या खोक्यातली पुस्तिका घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून वाचली, करारनामा वाचावा तशी. त्यात लिहिलं होतं की कानात बसणारी रबराची टोकं वेगवेगळ्या मापांची आणि वेगवेगळ्या प्रकारची असतात, बंद आणि छिद्रांची. मला कुणी माप घेतल्याचं आठवत नव्हतं. लिहिलं होतं की यंत्र ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे श्रवणाचं शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञानं, रुग्णाच्या आलेखाप्रमाणं बसवावं आणि कानात तपासून घ्यावं.

मी दुकानात फोन केला नाही, फोनवर मला काय कळणार. स्वतः गेले. विचारलं, “तुम्ही ऑडिओलॉजिस्ट आहात का?”

“मॅडम, मला चौदा वर्षांचा अनुभव आहे.”

“मी वेगळं विचारलं.”

तो समोरच्या चष्म्यांच्या फ्रेम सारख्या करायला लागला. “माझ्या यंत्रात काय काय भरलंय त्याची प्रिंट द्या,” मी म्हटलं. तो म्हणाला, “तसं काही नसतं.”

तसं असतं, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. शोधत शोधत शबाना मॅडम नावाच्या ऑडिओलॉजिस्टचा पत्ता मिळाला होता. बाजारपेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. श्रीनिवास नाराजीनंच आले. आता अजून काय, असा चेहरा. आत गेल्यावर ते सवयीनं बोलायला लागले, “हिला ना...”

“तुम्ही बसा, भाऊ,” शबाना मॅडम म्हणाल्या. “कान यांचे आहेत. मी यांच्याशी बोलते.”

त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली, चेहऱ्यावर उजेड येईल अशी. ओरडल्या नाहीत. सावकाश, स्पष्ट विचारलं, “तुम्हाला काय ऐकू यायला पाहिजे?”

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही राग आला. मी म्हटलं, “साक्षीदार.”

त्यांनी जाड दाराच्या, खरोखर शांत खोलीत पुन्हा सगळी तपासणी केली. शब्दांची यादी वाचून मला म्हणायला लावली. निम्मे शब्द चुकले. मग यंत्रं कॉम्प्युटरला जोडली, आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

“यात तुमचा आलेख भरलेलाच नाही,” त्या म्हणाल्या. “कारखान्यातून येतं तसंच आहे. फक्त आवाज वाढवत गेलेत. आणि ही रबराची टोकं बंद प्रकारची. खालच्या पट्टीतलं तुम्हाला स्वतःहून छान ऐकू येतं, ते यांनी बुचानं बंद केलं आणि वरून यंत्रातून मोठं करून दिलं. वरच्या पट्टीतलं, जे पाहिजे होतं, ते दिलंच नाही. मापही बघा, डाव्यात घट्ट, उजव्यात सैल. शिट्टी वाजते ना?”

मी मान हलवली.

श्रीनिवास मागून म्हणाले, “पण मॅडम, ही घालतच नाही. घातलं असतं तर...”

शबाना मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “यंत्र स्वतः नोंद ठेवतं, भाऊ. हे बघा. रोज सरासरी चौदा तास कानात आहे. सात महिने. इतकं चुकीचं यंत्र इतके तास घालणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.”

श्रीनिवास पुढे झुकून ते आकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मुद्दामच. पुरावा समोर आला की साक्षीदाराला बोलावं लागत नाही, एवढं मी कोर्टात शिकले आहे.

*

मग जे झालं ते प्रत्येकानं मागून घ्यावं म्हणून लिहिते. त्यांनी छिद्रं असलेली, मापाची टोकं लावली. माझा आलेख भरला. एक मऊ, केसासारखी बारीक नळी कानाच्या पडद्याजवळपर्यंत सरकवली आणि तिच्याशेजारीच यंत्र बसवलं. समोरच्या स्पीकरमधून बोलण्यासारखा आवाज सुरू झाला. पडद्यावर दोन रेघा: एक माझ्या कानात किती आवाज पोचायला हवा त्याची, दुसरी खरंच किती पोचतो त्याची. उजवीकडच्या भागात, जिथं ‘स’ आणि ‘च’ राहतात, दुसरी रेघ कुठल्या कुठे खाली पडली होती. त्या एकेक भाग वाढवत गेल्या, रेघ वर येत गेली. दुखत नाही. दोन्ही कानांचं मिळून अर्धा-पाऊण तास लागला. सात महिने विरुद्ध पाऊण तास.

नळी काढून त्या म्हणाल्या, “आता बोला काही तरी.”

मी म्हटलं, “काय सांगू?” आणि माझ्याच तोंडातून ‘स’ बाहेर पडताना ऐकला. टाचणीसारखा टोकदार.

गोड वगैरे मुळीच वाटलं नाही. पहिले पंधरा दिवस सगळं कर्कश्श होतं. नळाचं पाणी टोचायचं, कागद टोचायचा. शबाना मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं, आणि हेही की, डाव्या कानातले अगदी वरचे स्वर कायमचे गेले आहेत, ते कुठलंच यंत्र देऊ शकत नाही. लग्नकार्याच्या गर्दीत त्रास राहणारच. मी तीनदा गेले, दर वेळी त्यांनी थोडं कमी-जास्त केलं आणि नळी घालून पुन्हा मोजलं. तिसऱ्या वेळी तीच शब्दांची यादी घेतली. चार शब्द चुकले.

इथंही सवय लागलीच. पण सवय बरोबर गोष्टीची लावायची असते. चुकीच्या गोष्टीची सवय लाव, असं सांगणं म्हणजे गप्प बस म्हणणं.

श्रीनिवासांनी माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. एक दिवस भाजी निवडताना ते शेजाऱ्यांचा काही किस्सा सांगत होते, माझं एक वाक्य हुकलं. मी “काय?” म्हटलं. ते थांबले, माझ्याकडे तोंड केलं आणि सगळा किस्सा पहिल्यापासून सांगितला. किस्सा अगदीच भिकार होता. मी शेवटपर्यंत ऐकला.

शबाना मॅडमनी दिलेल्या दोन्ही प्रिंट घेऊन मी दुकानात गेले, आधीची आणि नंतरची. शांतपणे टेबलावर ठेवल्या. दुकानदारानं त्या पाहिल्या आणि खरं बोलला, कदाचित पहिल्यांदाच.

“मॅडम, लोक एवढं विचारत नाहीत.”

मग म्हणाला, “बॅटऱ्यांची पाकिटं देतो तुम्हाला. वर्षभर फुकट.”

मी बॅटऱ्या घेतल्या नाहीत. तक्रार अर्ज स्वतः टाइप करून ग्राहक मंचात दिला आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. त्याच्या काचेच्या खोलीत माझ्यानंतर किती जण टाळी ऐकून घरी गेले असतील, आणि आता कुणाकुणाला “जाऊ दे” ऐकावं लागत असेल, याचा विचार आला की मी मंचात जाऊन पुढची तारीख विचारून येते.

*

नव्या तपासणीचे कागद जोडून मी कोर्टातल्या जागेसाठी अर्ज केला. साहेबांनी बोलावलं.

“तुम्ही मला आधी सांगायचं होतं, मॅडम.”

“सर, तुम्ही लक्ष कुठंय एवढंच विचारलंत.” जीभ रेटत नव्हती, पण बोलले. पुढे म्हटलं, “माझं टेबल आपल्या डाव्या हाताला, समोरून दिसेल असं घ्यावं. सांगताना माझ्याकडे तोंड करावं. पंखा एक खटका कमी. बाकी माझं मी बघते.”

त्यांनी तपासणीचे कागद चाळले. मग म्हणाले, “तीन महिने बघू.”

त्या तीन महिन्यांतल्या दुसऱ्या महिन्यात करकंबच्या एक आजी साक्षीला आल्या. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. वकीलसाहेब कागदात डोकं घालून, येरझारा घालत प्रश्न विचारत होते. आजी विचारल्यापेक्षा भलतंच उत्तर द्यायच्या. पुन्हा प्रश्न, पुन्हा भलतंच. लोक खुदखुदू लागले. वकीलसाहेब चढ्या आवाजात ओरडले, “आजी, ऐकू येतं का तुम्हाला?”

“येतंय की!” आजी चिडून म्हणाल्या.

“साहेब, साक्षीदार मुद्दाम उत्तर टाळते आहे, याची नोंद घ्यावी.”

आजींचे डोळे वकिलांच्या तोंडाचा पाठलाग करत इकडून तिकडे फिरत होते. मला ते डोळे ओळखीचे होते. लघुलेखकानं कोर्टात बोलायचं नसतं. एकवीस वर्षांत मी एकदाही बोलले नव्हते. मी उभी राहिले.

“सर, त्या टाळत नाहीयेत. त्यांना शब्द कळत नाहीयेत. वकीलसाहेबांनी एका जागी, त्यांच्यासमोर उभं राहून, न ओरडता विचारलं तर त्या सांगतील.”

वकील म्हणाले, “आता स्टेनो आम्हाला शिकवणार?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आजींकडे. “वकीलसाहेब,” ते म्हणाले, “पुढे या. त्यांच्यासमोर उभे राहा.”

ते आले. कपाळावर आठ्या होत्या, पण आले. तोच प्रश्न हळू विचारला. आजींनी मान डोलावली आणि पिशवी खाली ठेवून, तारीख, वार, कोण कुठं उभं होतं, सगळं धडाधडा सांगून टाकलं.

साहेब खुर्चीत माझ्याकडे वळले आणि त्यांच्या त्याच हळू आवाजात म्हणाले, “घ्या. साक्षीदारास कमी ऐकू येते. सबब प्रश्न समोर उभे राहून, सावकाश विचारण्यात आले. साक्षीदाराने उत्तरे स्पष्ट दिली.”

मी टाइप केलं. त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.